पाणपोईच्या वाटेवरचा माणूस

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पाणपोई असते. रांजण भरलेला असतो. वाटसरू येतो, पाणी पितो, पुढे जातो. त्याला कोणी पैसे मागत नाही.

आता समजा, पाणपोईच्या अलीकडे एक माणूस बसला आहे. त्याने पाटी लावली आहे : "थंड पाणी. वीस रुपये." तो आपले पैसे घेतो आणि त्याच रांजणातले पाणी आणून देतो. पाणी भरले दुसऱ्याने, पैसे घेतले याने! असे लोक इंटरनेटवरही बसलेले असतात. त्यातलीच ही एक गोष्ट.

आमच्या गावात बायकांचा बचत गट आहे. गटाने एक जुना संगणक घेतला. पण नुसता संगणक काय कामाचा? पत्र लिहायचे, हिशेब मांडायचा, तर त्यात सॉफ्टवेअर घालावे लागते. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाकडून काम करून घेणाऱ्या सूचना.

गटाच्या सचिवबाईंनी मला विचारले, "गुरुजी, हिशेबासाठी काय घालू?"

मी म्हणालो, "लिब्रेऑफिस घाला. फुकट मिळतं. इंटरनेटवर नाव शोधा, सापडेल."

एवढेच सांगितले. पुढचे सांगितले नाही.

बाईंनी नाव शोधले. सर्वांत वरची ओळ दाबली. पान छान दिसत होते. नावही तेच होते. खाली लिहिले होते, "नोंदणी फी १,२०० रुपये." बाईंनी मोबाइलवरून पैसे भरले.

महिन्याच्या बैठकीत हिशेब वाचला. मी चटकन बोलून गेलो, "अहो, पैसे कसले? ते तर फुकट असतं!"

बैठक गप्प झाली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी पैसं खाल्लं न्हाईत."

मला फार वाईट वाटले. मी उठून सर्वांसमोर सांगितले, "बाईंचा दोष नाही. मीच अर्धे शिकवले. उरलेले आज शिकवतो."

ते उरलेले तुम्हीही वाचा.

लिब्रेऑफिसचे काम २०१० साली सुरू झाले. जगभरचे लोक मिळून ते तयार करतात. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही जर्मनीतील संस्था ते सांभाळते. तिच्या साइटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या तिच्या जागी, ते फुकट मिळते. तेथे देणगी मागतात. वाटले तर द्यावी. न दिली तरी सॉफ्टवेअर मिळते. देणगी आपल्या खुशीची असते. ती किंमत नव्हे.

व्हिडिओ पाहण्याचे व्हीएलसी आणि इंटरनेट पाहण्याचे फायरफॉक्स हीही अशीच फुकट मिळतात.

एखादा दुकानदार लिब्रेऑफिस आपल्या संगणकात घालून देईल आणि मेहनतीचे पैसे मागेल. तसे सांगून मागितले, तर तो लबाड नव्हे. फुकट मिळते हे जो लपवतो, तो लबाड.

मग त्याला ओळखावे कसे?

१. सर्वांत वरची ओळ खरीच असते असे नाही. पुष्कळदा ती जाहिरात असते. तिच्याजवळ "प्रायोजित" असे बारीक लिहिलेले असते. म्हणजे पैसे भरून ती वर लावली आहे.

२. साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. खरा पत्ता "लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग" असा आहे. नावाला मागेपुढे दुसरा शब्द जोडला असेल, तर थांबा. पत्ता इंग्रजी अक्षरांत असतो. ती येत नसतील, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. त्यात लाज नाही.

३. फुकटच्या वस्तूला फी, वर्गणी किंवा बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला, तर हात आखडा. आधी जाणत्याला विचारा.

४. पैसे गेलेच, तर गप्प बसू नका. लगेच बँकेला कळवा. १९३० या नंबरावर फोन करा. हा ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर आहे. जितका उशीर, तितके पैसे मिळणे अवघड.

आमच्या गटाने तक्रार केली, पण महिना उलटून गेला होता. बाराशे रुपये परत आले नाहीत. मात्र गटाने एक ठराव केला : पैसे भरण्यापूर्वी पत्ता दोघींनी वाचायचा. आता बाई पत्ता मोठ्याने वाचतात. दुसरी बोट ठेवून अक्षरे ताडून पाहते. खऱ्या साइटवरून लिब्रेऑफिस घेतले. गटाचा हिशेब आता त्यातच लिहितात.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. तुम्ही वाचायला शिकलात, ते याचसाठी. पाटी वाचा. पाणपोई कोणाची, ते पाहा. मग ओंजळ पुढे करा.

सांगा पाहू :

१. देणगी आणि किंमत यांत फरक काय?
२. "प्रायोजित" म्हणजे काय?
३. पैसे गेले तर कोणत्या नंबरावर फोन कराल?