ग्रॅव्हल सायकलला डायनॅमो कोणता घ्यावा?

प्रश्न : मी पुण्यात राहतो. २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे राइड करतो, मधूनमधून घाटातले कच्चे रस्तेही. चार्जिंगचे दिवे सोडून डायनॅमो हब बसवावा का?

उत्तर : रात्रभर चालवणार असाल तर जरूर बसवा. फक्त पहाटे दोन तास दिवा लागत असेल, तर चार्जिंगचा दिवा पुरे. हबसाठी चाक नव्याने विणावे लागते आणि तो खर्च लहान नाही.

आधी आपला फोर्क पाहा. ग्रॅव्हल सायकलला बहुधा १२ मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल आणि १०० मिलिमीटर रुंदी असते. हब त्याच मापाचा हवा, डिस्क बसवण्याची पद्धतही जुळायला हवी. जर्मनीचा सॉन २८ महाग, पण वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. शिमानो स्वस्त पडतो. मात्र घेताना ३ वॉटचाच मागा, १.५ वॉटचेही मिळतात.

दिव्याचा झोत वरून कापलेला असावा, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. स्टँडलाइट हवाच, नाहीतर सिग्नलला थांबताच अंधार. खरी अडचण चढावर येते. वेग माणसाच्या चालीवर आला की उजेड मंदावतो, लुकलुकतो. कच्च्या वाटेवर वळणाच्या आतलेही दिसत नाही. म्हणून हेल्मेटवर छोटी टॉर्च ठेवाच.

दिवा हँडलबारच्या पिशवीखाली, फोर्कच्या माथ्यावर लावा. अनेक कार्बन फोर्कना तिथे भोकच नसते. हब मागवण्यापूर्वी एवढे तपासून घ्या.