आलेली कोंबडी आधी डालग्याखाली

गावरान कोंबडी दिवसभर कुठलेही उकिरडे उकरत फिरो, दिवेलागणीला ती आपल्या खुराड्यापाशी येतेच. म्हणून अंधार पडल्यावरही जी तुमच्या अंगणातल्या लिंबाच्या फांदीवर किंवा न्हाणीच्या भिंतीवर बसून राहते, ती नुसती वाट चुकलेली आहे असं धरून चालू नये. आठवडी बाजारात विकली जाऊन ती नव्या घरातून सुटलेली असेल. हुमनाबादवरून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर एखाद्या गाडीतून पडली असेल. कुणी मुद्दाम आणून सोडली असेल, नाहीतर घर गाठायचं बळच तिच्यात उरलं नसेल. काहीही असो, तिच्या मागे काय लागलं आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. अशा कोंबडीला दया म्हणून थेट आपल्या कोंबड्यांत सोडणं हा जुगार आहे, आणि तो गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या पणाला लावून खेळला जातो. ‘एवढ्याशा कोंबडीचं काय घेऊन बसलात’ असं मला ऐकवणाऱ्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आता सविस्तर देते आहे.

सर्वांत मोठी भीती मानमोडीची. आपले कन्नड शेजारी तिला कोक्करे रोग म्हणतात आणि दवाखान्याच्या कागदावर राणीखेत लिहिलेलं असतं. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडी टाकून श्वास, लुळे पडलेले पंख आणि शेवटी पिळवटलेली मान, ही तिची खूण सगळ्यांना माहीत आहे. पण खूण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, हे कुणी ध्यानात घेत नाही. रोग अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवस ते दोन आठवडे जाऊ शकतात. जागतिक पशु आरोग्य संघटना आपल्या नियमांत तर २१ दिवस धरते. तेवढ्या काळात कोंबडी दाणे टिपते, चालते, क्वचित अंडंही देते, आणि विष्ठेतून, लाळेतून रोग वाटत राहते. लस न दिलेल्या कळपात जोराची साथ आली तर कधी कधी एकही कोंबडी वाचत नाही. रोग विषाणूचा असल्यानं घरात उरलेली माणसांची कॅप्सूल फोडून पाजण्यानं काहीही साधत नाही. आणि स्पष्टच बोलायचं तर, ज्याच्या घरी दोन कोंबड्या मान टाकतात तो आधी दवाखान्यात जात नाही, उरलेल्या घेऊन बाजारात जातो. पडेल भावानं विकतो, पाहुण्याला भेट देतो किंवा शिवेपलीकडे सोडून मोकळा होतो. त्याची अडचण मला कळते, पण त्याची कोंबडी माझ्या अंगणात आल्यावर तिचा हिशेब मी का भरावा?

यावर लोक म्हणतात, गावरान कोंबडी काटक, तिला काही होत नाही. काटक म्हणजे ऊन, भूक सोसणं आणि मुंगसापासून पळणं तिला जमतं. मानमोडीला ती गावरान आहे की पोल्ट्रीतली याच्याशी देणंघेणं नसतं. शिवाय रंगीत पिसांची प्रत्येक कोंबडी गावरान नसते. बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतली वनराज, या आपल्या बिदर-कलबुर्गी जिल्ह्यांत पुष्कळ घरी आहेत आणि लांबून गावरानच वाटतात. दुसरे म्हणतात, बर्ड फ्लू वगैरे मोठ्या पोल्ट्र्यांची कटकट, आपल्या अंगणाचा काय संबंध? २००६ साली नवापूरला तो पोल्ट्र्यांत सापडला हे खरं. पण जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तो निघाला आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले तेव्हा तपासणीत तोच आढळला. उदगीर म्हणजे भालकी-कमलनगरचं शेजार. कावळ्याला कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा दिसत नाही, आणि आपल्या कोंबड्यांच्या पाण्याच्या परळात तो रोज चोच बुडवतो.

म्हणून पहिल्या घटकेला एकच काम: आलेली कोंबडी डालून ठेवणे. तुराट्यांचं डालगं असेल तर उत्तम, वरून दगड ठेवावा, आणि ते आपल्या खुराड्यापासून घराच्या दुसऱ्या अंगाला असावं, वारा खुराड्याकडे वाहत नाही अशा बाजूला. दाणापाणी आधी आपल्या कोंबड्यांना, मग हिला. उलट क्रम कधीही नको, कारण रोग तुमच्या चपलेवरून आणि हातातल्या वाडग्यावरूनही जातो. भांडी वेगळी, झाडू वेगळा, हात साबणानं. वर सांगितलेले २१ दिवस तिला अशी वेगळीच ठेवायची. तीन आठवडे डालग्याखाली कोंडणं हा छळ आहे, असाही आक्षेप मी ऐकला आहे. डालगं पहिल्या रात्रीपुरतं. दुसऱ्या दिवशी तुराट्यांचा कूड किंवा जाळी लावून चार हातांची जागा करावी, त्यात अंग घोळायला चुलीची राख आणि कोरडी माती टाकावी. उवांवर तो जुना आणि बरा उपाय आहे. कलबुर्गीच्या मे महिन्यात पत्र्याखाली मात्र ठेवू नये. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग निववते, आणि पारा बेचाळीसच्या वर गेला की पत्र्याखालची कोंबडी रोगाशिवायच मरते.

आल्या आल्या दाणे ओतू नयेत. आधी पाणी, चिमूटभर गूळ-मीठ घालून. मग संध्याकाळी, ती शांत झाल्यावर, हातात घेऊन नीट पाहावी. तुरा फिका असेल तर जंत किंवा उवा. जांभळट असेल तर घरात न आणता सरळ पशुवैद्य. शेपटीखालची पिसं फुंकून बाजूला केली की उवांची लिखं पिसाच्या बुडाशी पांढऱ्या गाठीसारखी दिसतात. पायाचे खवले वर उचललेले असले तर किडा आहे, तेल चोळावं. आणि छातीचं हाड बोटानं चाचपावं. दोन्ही अंगांनी मांस असेल तर कोंबडी काल-परवा सुटलेली. हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं तर ती कित्येक दिवस उपाशी किंवा आजारी आहे. हे हाड लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे. चोचीचा वरचा शेंडा छाटलेला असेल तर ती अंड्यांच्या पोल्ट्रीतली. तिला जमिनीवर पसरलेला दाणा नीट टिपता येत नाही, खोलगट वाडग्यात द्यावा. पांढरी, जड, धड चालता न येणारी असेल तर गाडीतून पडलेली ब्रॉयलर. तिला पोटभर चारणं म्हणजे मारणंच, मोजकं द्यावं. बाकीच्यांना ज्वारी, तांदळाची कणी, तुरीची चुणी चालते. बिदरकडे घराघरात सोयाबीन पडलेलं असतं, पण कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही. पेरणीच्या दिवसांत तर गुलाबी औषध लावलेलं बियाणं खाऊन आलेली कोंबडी लाळ गाळते, थरथरते. ती मानमोडी समजून गाडून टाकण्याआधी बियाण्याचा विचार व्हावा. स्वच्छता राखा, ताजं पाणी ठेवा, हे सगळे सांगतातच.

लशीचं गणित आणखी अवघड आहे. डोळ्यात थेंब टाकायची लासोटा काय किंवा टोचायची आर-टू-बी काय, कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. सात-आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? पशुविज्ञानाचं विद्यापीठ बिदरातच असताना ही अडचण असावी, हे चमत्कारिक आहे. यावर गल्ली एक होण्याशिवाय मला दुसरा मार्ग दिसत नाही: सगळ्यांनी एकाच सकाळी, उन्हं वर यायच्या आत. परकी कोंबडी त्या दिवशी वगळावी. जिच्या अंगात रोग आधीच आहे तिला लस वाचवत नाही. ती मेलीच तर ओढ्यात फेकू नये, उघड्या हातानं उचलू नये, १९६२ या क्रमांकावर कळवावं.

आता मालकीचं. इथेच माणसं खरी कळतात. पहिला सल्ला ‘कापून खा’ असा येतो, आणि तो देणारेच उद्या ‘चोरली’ म्हणायला पुढे असतात. कोंडवाड्याचा आधार नाही. १८७१ च्या कायद्यातल्या जनावरांच्या यादीत शेळ्या-मेंढ्या, डुकरं, अगदी हत्तीसुद्धा आहेत, कोंबडी नाही. मात्र १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यावर ठेवीदारासारखीच जबाबदारी टाकतं. मालक शोधायचा रास्त प्रयत्न न करता ती आपली करून टाकली तर तो गुन्हा ठरतो, पूर्वी दंडसंहितेच्या कलम ४०३ खाली, आता न्याय संहितेच्या ३१४ खाली. कलम १६३ प्रमाणे ठेवलेल्या वस्तूची वाढही मालकाचीच. कायद्यात उदाहरण गाईच्या वासराचं आहे, म्हणून मी अंडीही त्यात धरते. पण कलम १६८ सांभाळणाऱ्याच्या बाजूचं आहे: खर्चासाठी दावा लावता येत नाही, तरी खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. १६९ तर म्हणतं की मालक सापडत नसेल किंवा रास्त खर्च द्यायला तयार नसेल, आणि खर्च किमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत गेला, तर अशी विकाऊ वस्तू विकता येते. दाण्याचे भाव बघता कोंबडीच्या बाबतीत ही वेळ फार लांब नसते.

कोंबडीसाठी कायद्याची पुस्तकं काढायची का, असं हसून विचारलं जातं. काढायची ती कोर्टात जायला नव्हे, गल्लीत ताठ उभं राहायला. कोंबडी आली त्याच संध्याकाळी पाच घरांना सांगावं, त्यातही ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्या बायकांना. त्यांना एकमेकींच्या कोंबड्या पिसासकट ओळखू येतात. गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकावा, पण पायातली चिंधी, कापलेलं नख किंवा पंखाखालचा रंग फोटोत येऊ देऊ नये. खरा मालक ती खूण न विचारता सांगतो. त्याच दिवशी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून तारखेची चिठ्ठी घ्यावी. कारण दोन-तीन आठवडे जी कुणाची नसते, ती अंडी द्यायला लागली की अचानक कुणाची तरी होते, आणि मग ‘तुम्ही हिला उपाशी मारलंत’ हेही ऐकावं लागतं. सुरीच्या धारेसारखं हाड घेऊन आलेली कोंबडी कुणी उपाशी मारली, हे ती चिठ्ठी सांगते. शब्दाला शब्द वाढवण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं. ओरडणाऱ्याला कागदाशी भांडता येत नाही.

हळदकुंकू लावलेली, पायात लाल दोरा असलेली कोंबडी दिसली तर आपल्याकडे उतारा म्हणून कुणी हात लावत नाही. श्रद्धेत मी पडत नाही. पण हात न लावता तिला आपल्या कोंबड्यांत फिरू देणं हे दोन्हीकडून चुकीचं, तिलाही डालावंच.

मालक आला, खूण पटली, तर गल्लीतल्या दोघांदेखत कोंबडी द्यावी, अंडी मोजून द्यावीत, दाण्याचा खर्च मागावा. मागताना लाजू नये. बहुतेक जण देत नाहीत, उलट एक अंडं कमी असल्याचा संशय घेतात. आभार मानले नाहीत तरी चालेल. वजनाच्या चिठ्ठीमागे सही घेतल्याशिवाय मात्र डालगं उचलू नये.