दारू सोडविणाऱ्या औषधाची पारख



ज्या घरात दारू शिरली त्या घराचे दुःख काय असते, हे सांगावयास नको. अशा घरातील आई किंवा पत्नी कोणी सांगेल तो उपाय करावयास तयार होते. कोणी पुडी देतो, कोणी काढा देतो, कोणी 'हमखास गुण' म्हणून हजारो रुपये मागतो आणि सुटलेल्या दोन-चार माणसांची नावेही सांगतो. अशा उपायाची पारख कशी करावी, हा आजचा धडा आहे. ही रीत शेतकऱ्याला परकी नाही. ती शेतातूनच दवाखान्यात गेली आहे.

शेतातील रीत

समजा, नवे खत आले. विकणारा म्हणतो, 'पलीकडच्या गावात दीडपट पीक आले.' पिरनवाडीकडचा भात असो की निपाणीकडचा तंबाखू, शहाणा शेतकरी विचारतो : जमीन कसली होती? पाऊस किती झाला? खत न घातलेल्या शेजारच्या पट्टीत किती पिकले? शेजारच्या पट्टीशी तुलना केल्याशिवाय खताचा गुण कळत नाही.

पण चांगल्या जमिनीची पट्टी खताला दिली आणि खडकाळ पट्टी तशीच ठेवली, तर ती परीक्षा खोटी. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1919 साली रोनाल्ड फिशर हे गणिती रुजू झाले. त्यांनी सांगितले की, कोणत्या पट्टीला खत द्यावयाचे हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठी टाकून ठरवावे. 1935 साली त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले. पुढे डॉक्टरांनी हीच रीत घेतली. ब्रिटनमध्ये क्षयाच्या 107 रोग्यांपैकी स्ट्रेप्टोमायसिन कोणाला द्यावयाचे हे अशाच रीतीने ठरविले गेले. त्याचा निकाल 1948 साली प्रसिद्ध झाला.

व्यसनाच्या बाबतीत चिठ्ठी फार महत्त्वाची आहे. जो आपल्या पायाने उपचाराला येतो, त्याची इच्छा आधीच जागी झालेली असते. तो सुधारला तर गुण औषधाचा की त्याच्या इच्छेचा, हे कसे कळणार?

गोव्यातील उदाहरण

आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने अशीच परीक्षा केली. 2013 ते 2015 या काळात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतून अपायकारक प्रमाणात पिणारे 377 पुरुष निवडले. चिठ्ठीच्या रीतीने त्यांचे दोन गट पाडले. दोन्ही गटांना केंद्रातील डॉक्टरांचा नेहमीचा उपचार मिळाला. एका गटाला त्याशिवाय जास्तीत जास्त चार बैठकांत समुपदेशन मिळाले. ते देणारे डॉक्टर नव्हते, तर शिकवून तयार केलेले साधे लोक होते. नंतर विचारपूस करणाऱ्यांना कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नव्हते.

तीन महिन्यांनी 336 जण भेटले. मागील 14 दिवसांत थेंबही न घेतलेले लोक समुपदेशनाच्या गटात शेकडा 42, तर दुसऱ्या गटात शेकडा 18 निघाले. वर्षानंतरही हा फरक टिकून होता : शेकडा 45 आणि शेकडा 26.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. समुपदेशन न मिळालेल्यांतही शेकडा 18 जण पीत नव्हते. कोणी त्यांना पुडी दिली असती, तर सारे श्रेय पुडीला गेले असते! दुसरे असे की, जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याचे प्रमाण समुपदेशनाने फारसे घटले नाही, हेही संशोधकांनी लपविले नाही. खरी परीक्षा आपले उणेही सांगते.

विचारावयाचे पाच प्रश्न

1. तुलना कोणाशी केली? नुसती सुटलेल्यांची नावे म्हणजे पुरावा नव्हे.

2. गट कसे पाडले? चिठ्ठीने की आपल्या मर्जीने?

3. किती दिवस पाहिले? उपवासकाळात आपल्यातील कितीतरी जण दारू सोडतात आणि ईस्टरनंतर पुन्हा धरतात. चाळीस दिवसांच्या गुणावर भुलू नये.

4. मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशेब धरला का? वाहून गेलेले पीक वगळून एकरी उतारा काढता येत नाही.

5. परीक्षा कोणावर झाली? गोव्यातील परीक्षेत दारूवाचून राहूच न शकणारे, अगदी जडलेले लोक घेतले नव्हते. त्यांना अधिक उपचार लागतो.

धोक्याची सूचना

जेवणात चोरून औषध घालू नये. डायसल्फिरम नावाचे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्याली तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून ते रोग्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. तसेच अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट येणे, भ्रम होणे असा धोका असतो. आधी डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या 14446 या व्यसनमुक्ती क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

कोणी म्हणेल, 'प्रार्थना करावी, प्रश्न कशाला?' प्रार्थना अवश्य करावी. पण संत थोमाने जखमा पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हा प्रभूने त्याला दूर लोटले नाही, जवळ बोलावले. दुःखी घराचा पैसा आणि आशा वाया जाऊ नये म्हणून प्रश्न विचारणे, हेही दयेचे काम आहे.

घरी चर्चा करा : आपल्या गावात दारू सोडविण्याचे कोणते उपाय चालतात? वरील पाच प्रश्नांना त्यांतील किती उतरतात?