उंबऱ्याआडचे श्रवण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीगुरुचरित्राच्या पाचव्या अध्यायातली पीठापूरची सुमती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. अमावास्येचा दिवस, घरात श्राद्ध, ब्राह्मण अजून जेवायचे आहेत आणि दारी अतिथी उभा. सुमतीने मागेपुढे न पाहता भिक्षा घातली. अतिथी साक्षात दत्तप्रभू होते. प्रसन्न होऊन 'इच्छा असेल ते माग' म्हणताना त्यांनी तिला जननी अशी हाक मारली. सुमतीने धन मागितले नाही. तुम्ही मला जननी म्हणालात, तोच शब्द खरा करा, एवढेच तिने मागितले. तो एक शब्द तिने मन लावून ऐकला, म्हणून श्रीपाद श्रीवल्लभ तिच्या पोटी आले.

पोथीची रचनाही ऐकण्यावरच उभी आहे. सिद्धमुनी सांगतात, नामधारक ऐकतो. तो शंका विचारतो, पुढचे सांगा म्हणून विनवतो, तशी कथा पुढे जाते. सरस्वती गंगाधरांनी हाच संवाद ओवीबद्ध केला. ऐकणारा नसता तर ही पोथी झाली नसती. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे ते उगीच नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. पस्तिसाव्या अध्यायात सावित्री मंत्रोपदेश मागते, तेव्हा श्रीगुरू कच-देवयानीची कथा सांगतात, स्त्रियांना मंत्र देऊ नये असे म्हणतात आणि तिला सोमवारचे व्रत सांगतात. पुष्कळ घरांत याचा आधार घेऊन बायकांनी गुरुचरित्र वाचायचे नाही, ही रीत चालत आली. आमचे घर शिरोळ तालुक्यातले, नृसिंहवाडीच्या पंचक्रोशीतले. आमच्याकडेही तीच रीत. पारायणाला आधी आजोबा बसत, नंतर वडील. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड, हातात काम घेऊन ऐकत असे.

पन्नासएक वर्षे ऐकून तिला पोथी मुखोद्गत झाली होती. वाचणाऱ्याची एखादी ओवी सुटली, की आतून पळीचा एक बारीक आवाज यायचा. वडील न बोलता मागे जायचे आणि सुटलेली ओवी घ्यायचे. दोघांनी हा विषय कधी तोंडाने काढला नाही.

सात दिवसांचे सोवळे, कापसाची वस्त्रे, फुलवाती, समाप्तीची पुरणपोळी, सगळे तिच्याच हातचे. पण तिचे खरे कसब गोष्ट सांगण्यात होते. समाप्तीला घेवड्याची भाजी हवी, म्हणून आदल्या रात्री नातवंडांना भोवती घेऊन ती शेंगा मोडायला बसे आणि अठराव्या अध्यायातली गोष्ट सांगे. गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल, त्यावर त्यांचे पोट. महाराज भिक्षा घेऊन निघाले आणि जाताना तो वेलच उपटून गेले. एकदा नात रागावून म्हणाली, "आजी, असं कसं गं केलं महाराजांनी?" आई म्हणाली, "वेल राहिला असता तर पोट भरलं असतं गं, पण जन्मभर घेवड्यावरच. मुळाशी धनाचा हंडा होता, तो कुणाला दिसला असता? हातातलं सुटल्याशिवाय पायाखालचं दिसत नाही, बाळा."

दत्तजन्माचा पाळणा ती स्वतः रचायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायची. त्यात औदुंबर असे, कृष्णा-पंचगंगेचा संगम असे आणि त्या वर्षी घरात जन्मलेल्या बाळाचे नावही असे. पुरात संसार भिजला, तेव्हा पोथीबरोबर तो कागदांचा गठ्ठा तिने आधी माळ्यावर टाकला होता.

आई गेली. वडील आधीच गेले होते. यंदा सप्ताह जवळ आला आणि घरात प्रश्न उभा राहिला, पारायणाला कोण बसणार? मुलगे नोकरीनिमित्त परगावी. मला आता बारीक अक्षर दिसत नाही. नात म्हणाली, "मी वाचते. मला चाल येते, आजीची ऐकली आहे." वडीलधाऱ्यांपैकी काहींना ते रुचले नाही. त्यांची निष्ठा खरी आहे, तिचा अनादर करण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी जी रीत आहे, ती त्यांनी श्रद्धेने पाळावी.

आम्ही मात्र पोथीकडेच वळलो. कारंज्याच्या नरहरीने मुंजीपर्यंत ॐकाराशिवाय शब्द उच्चारला नव्हता. अंबामातेने भिक्षा घातली आणि त्या बालकाच्या मुखातून वेद बाहेर पडले. मातेच्या हातची भिक्षा पडली, तेव्हा वाचा फुटली. आमच्या नातीच्या झोळीत आजीने पन्नास वर्षांच्या श्रवणाची भिक्षा घातली आहे. तिने वाचायला बसावे, असे आम्ही ठरवले. उंबऱ्याआड या वेळी मी बसेन.

भाविकहो, घरातल्या माउलीची आठवण म्हणून आपण तसबिरीला हार घालतो, ते योग्यच आहे. पण ती जे ऐकत होती ते ऐकावे, जे हाताने करत होती ते शिकून घ्यावे आणि तिची गोष्ट तिच्याच शब्दांत पुढच्या पोराला सांगावी. कुणाच्या घरी आजीच्या हस्ताक्षरातला पाळणा, आरती, एखादे पद असेल, तर या दत्तजयंतीला तो कागद देव्हाऱ्याजवळ काढून मोठ्याने म्हणावा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥