नाव तेच, वॅट वेगळे

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं लॅपटॉपचं कोटेशन पाहिलं. 'आरटीएक्स ४०७०' हे ठळक अक्षरात, वॅटचा उल्लेख मात्र कुठेच नाही. खरी मेख तिथेच आहे. डेस्कटॉपच्या ४०७० कार्डाला २०० वॅट आणि १२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपमधल्या ४०७०ला लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवेल तसे ३५ ते ११५ वॅट मिळतात, मेमरी ८ जीबी आणि आतली चिपही वेगळी.

तुझ्या डाय-मोल्डच्या कामात ग्राफिक्सचा नंबर तसाही दुसरा. सॉलिडवर्क्समध्ये सुरुवातीच्या स्केचमधलं एक माप बदललं, की फीचर ट्रीमधलं त्याच्या खालचं सगळं नव्याने बांधलं जातं. फिलेटला आधी कड लागते, कडेला आधी एक्स्ट्रूड. त्यामुळे हे काम बरंचसं एकामागून एकच होतं आणि बाकीचे कोअर रिकामे बसतात. म्हणजे कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती वेगाने पळतो ते बघायचं. (रेंडरिंगला मात्र सगळे कोअर जुंपले जातात.) हा वेग लॅपटॉपही दाखवतो, पण तापेपर्यंतच. मग जीव वाचवायला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. दुकानातल्या एसीत पाच मिनिटांच्या डेमोमध्ये ते दिसत नाही. मे महिन्यात भोसरीतल्या पत्र्याच्या शेडखाली दिसतं.

आणि हात कशावर चालणार? ऑटोकॅडमध्ये माउसचं चाक दाबून ड्रॉइंग सरकवतात, पटकन दोनदा दाबलं की अख्खं ड्रॉइंग पडद्यावर येतं. मापं नंबर पॅडवर बडवायची. टचपॅडवर हे करून बघच एकदा! शेवटी लॅपटॉपवालेही माउस, कीबोर्ड आणि २४ इंची मॉनिटर जोडून टेबलालाच खिळतात.

मॅकचा विचार डोक्यात असेल तर सोड, सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं.

लाइट जाण्याचं काय, असं तुझी आई विचारेल आणि तिचं बरोबर आहे. ऑटोकॅडचं आपोआप सेव्ह होणं मुळात दर १० मिनिटांनी असतं. 'सेव्हटाइम' कमांड देऊन ते ५ वर आण. पण यूपीएसला पर्याय नाही.

इंटिरियरवाल्यांना साइटवरच मापं चढवावी लागतात, त्यांनी लॅपटॉप जरूर घ्यावा. तुला शॉप फ्लोअरवर फक्त मॉडेल फिरवून दाखवायचंय. त्याला ई-ड्रॉइंग्ज हे फुकटचं व्ह्यूअर आणि घरातला जुना लॅपटॉप पुरे.

तेव्हा डेस्कटॉपच घे. रॅम ३२ जीबी, पण दोनच पट्ट्यांत, म्हणजे दोन स्लॉट पुढच्यासाठी मोकळे राहतील. यूपीएसचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेव.

तुझा,
मामा