फ्रान्सला जाणाऱ्या बांधवांसाठी थोडे फ्रेंच

आपल्या सभासदांच्या घरची तरुण मंडळी आता शिक्षणासाठी व धंद्यासाठी फ्रान्सला जातात. मागोमाग आईवडीलही जातात. बरोबर नेलेले डबे आठ दिवसांत रिकामे होतात (दुधाची मिठाई तर युरोपात नेण्यास मनाईच आहे), आणि मग बाहेर मागून खाण्याची वेळ येते. त्या वेळी आपला आहारधर्म सांभाळता यावा, एवढ्याच हेतूने आम्ही हे लिहीत आहो.

उच्चाराविषयी दोनच गोष्टी. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार 'न' असा न म्हणता नाकातून सोडावा. गोवा-कोकणच्या वाचकांस हे शिकवावयास नको. दुसरे असे की, त्या भाषेतही संधी आहे. 'सां' म्हणजे विना, 'अ' म्हणजे अंडी (हा 'अ' ओठ गोल करून म्हणावा). दोन्ही जुळली की मध्ये 'झाड'मधला 'झ' येऊन 'सांझ' होते.

आपल्या पेढीवर गिऱ्हाईक आले की आपण "या, बसा" म्हणतो. तेथे पायरी चढताच गिऱ्हाइकाने प्रथम 'बोंझूर' म्हणावे लागते, संध्याकाळी 'बोंस्वार'. ते न म्हणता एकदम भाव विचारणे उर्मटपणाचे समजतात. तू आणि तुम्ही हा भेद मराठीप्रमाणेच तेथेही आहे. परक्या माणसास सदैव 'वू' म्हणावे. 'सील वू प्ले' म्हणजे कृपा करून, 'मेर्सी' म्हणजे आभारी आहे. एवढ्यावर निम्मे काम भागते.

आता मुख्य विषय. 'झ स्वी वेझेतार्यें', म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य सर्व पुस्तकांत असते. पण त्यावर विसंबू नये, कारण मासा शाकाहारात चालतो असे समजणारे तेथे पुष्कळ आहेत. यास्तव एकेक वस्तू नावाने नाकारावी. 'झ न मांझ नी व्यांद, नी प्वासों, नी अ, नी आय, नी ओन्यों': मी ना मांस खातो, ना मासा, ना अंडी, ना लसूण, ना कांदा. हे एक वाक्य पाठ करावे. शिवाय कागदावर फ्रेंच लिपीत लिहवून खिशात ठेवावे. 'प्वासों' म्हणजे मासा व 'प्वाझों' म्हणजे विष. एका अक्षराची चूक झाली तरी आपणांस दोन्ही वर्ज्यच! बटाट्यास 'पॉम द तेर', म्हणजे जमिनीचे सफरचंद, म्हणतात. शब्दच कंदमुळाची साक्ष देतो.

ताट आल्यावरही विचारावे: 'एस्क इल या द ला व्यांद ददां?', यात मांस आहे काय? भाजीच्या कोशिंबिरीतही 'लार्दों', म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, असतात, आणि सूप पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजविलेले असते. चीजविषयी तर विशेष जपावे. तेथील अनेक नामांकित चीज 'प्रेझ्यूर'ने, म्हणजे वासराच्या जठरातील द्रव्याने, विरजलेले असते.

आमचा धंदा धान्याचा, म्हणून एक शब्द अधिक. इंग्रजीत 'लेग्यूम' म्हणजे कडधान्य. फ्रेंचमध्ये मात्र तो साध्या भाजीपाल्याचा शब्द आहे. कडधान्यास 'लेग्यूम सेक', वाळलेली भाजी, म्हणावे लागते. मसुरास 'लांतीय' म्हणतात. ल प्यूई या गावची हिरवी मसूर प्रसिद्ध असून १९९६ पासून तिच्या नावास कायद्याचे संरक्षण आहे. मात्र तीतही लार्दों घालण्याची रीत आहे, तेव्हा वरील प्रश्न येथेही विचारावा.

चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतू पाहून जावे. जूनअखेर पॅरिसला सूर्य रात्री सुमारे १० वाजता मावळतो. डिसेंबरात मात्र ५ च्या आतच. भोजनगृहे बहुधा ७ नंतर उघडतात. 'आ केल अर उव्रे वू?', किती वाजता उघडता, असे उन्हाळ्यात विचारावे. हिवाळ्यात विचारून उपयोग नाही, दुपारीच उरकावे. जवळ फळे ठेवावीत, अथवा 'बागेत त्रादिस्यों' हा लांब पाव. (आपल्या बागेशी त्याचा संबंध नाही.) १९९३ च्या सरकारी हुकमाप्रमाणे तो मुख्यतः पीठ, पाणी, मीठ व यीस्ट यांचाच असतो, यीस्ट वर्ज्य असणाऱ्यांनी फळांवर राहावे. उकळलेले पाणी हवे असल्यास 'द लो बुयी, सील वू प्ले' म्हणावे.

उरला हिशेब. भाव विचारताना 'से कोंब्यें?' म्हणावे, उत्तर समजणे कठीण. सत्तर म्हणजे 'स्वासांत दीस', साठ आणि दहा. ऐंशी म्हणजे 'कात्र वें', चार विसा. आपल्या खेड्यांत आंबे मोजणाऱ्या म्हाताऱ्या असेच म्हणत. नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा. 'कात्र' ऐकून चार युरो पुढे केले तर दुकानदार हसेल. ब्रुसेल्सकडे सत्तरास 'सेप्तांत' व नव्वदास 'नोनांत' असे सुटसुटीत शब्द आहेत. अँटवर्पच्या हिरेबाजारात आपले बांधव पुष्कळ, पण तेथील भाषा डच. तेथे हा पाठ कामाचा नाही.

आकडा समजला नाही तर 'वू पूवे लेक्रीर?', लिहून देता काय, असे विचारावे. लिहिलेला आकडाही नीट पाहावा. त्यांचा हातचा १ आपल्या डोळ्यांस इंग्रजी ७ सारखा दिसतो, खऱ्या ७ च्या पोटातून आडवी रेघ असते, आणि दशांशाच्या जागी टिंब नसून स्वल्पविराम असतो: १२,५० म्हणजे साडेबारा युरो, बाराशे पन्नास नव्हेत.