गच्चीवरील तार

खारघरच्या एखाद्या गच्चीवर तांब्याची लांब तार ताणलेली दिसली, तर ती कपडे वाळविण्याची दोरीच आहे असे समजू नये. ती परवानाधारक हौशी रेडिओचालकाची अँटेना असू शकेल.

अँटेनेची लांबी रेडिओलहरीच्या लांबीवरून ठरते. साधी अँटेना अर्ध्या लहरीहून किंचित आखूड असते. 145 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 2 मीटर लांब असते. तिला जेमतेम 1 मीटरची अँटेना पुरते. 7.1 मेगाहर्ट्झची लहर मात्र 42 मीटरांची; तिला सुमारे 20 मीटर तार लागते.

मग लहान अँटेनाच का निवडू नये? लहान लहर बहुधा सरळ जाते. खारघरचा डोंगर आड आला, की ती अडते. मोठी लहर आकाशातील आयनांबरापर्यंत जाऊन डोंगरापलीकडे, शेकडो किलोमीटरांवर परत उतरते. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात भीषण भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओचालक मदतीला धावले. खारघरपासून किल्लारी साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेथवर निरोप जावा, अशी इच्छा असेल, तर लांब तारच हवी.

गच्ची अपुरी असल्यास तारेचा मध्य काठीवर उंच बांधतात व दोन्ही बाजू घराच्या पाख्यांप्रमाणे उतरत्या सोडतात. टोके मात्र हाताला लागतील इतकी खाली नसावीत, कारण संदेश पाठविताना तेथे विजेचा दाब फार असतो. विजेच्या तारांजवळ तर अँटेना कधीच बांधू नये. तार प्रथम थोडी लांब ठेवतात, मापकावर पाहतात आणि मग दोन्ही टोकांकडून सारखी, बोटबोटभर कापीत जातात.